कारस्थानपट आणि खाल्लेलें मीठ

मराठींत खरा कारस्थानपट निपजूंच शकत नाहीं, ही तक्रार सुशिक्षित कुटुंबांतून इतक्या वेळां ऐकूं येते कीं, ती आतां सिद्धान्ताच्या थाटांत मांडली जाऊं लागली आहे. मराठी पडद्यावर हेर नाहींत, गुप्त कागदपत्रें नाहींत, मोटारींचे पाठलाग नाहींत, आणि पैसा तर नाहींच नाहीं. मग कारस्थान रंगावें तरी कशाच्या बळावर, असा हा युक्तिवाद. कारस्थान म्हणजे परमुलखांतून आणावयाचा जिन्नस, अशीच या मंडळींची समजूत दिसते. करवीर तालुक्यांतील गडमुडशिंगीसारख्या गांवीं, जेथें ऊस, दूध आणि सोसायटी या तिहींचें राजकारण सकाळच्या चहाबरोबरच घरोघर उकळत असतें, तेथें राहणाऱ्या माणसाला ही समजूत ऐकून हसूं आल्याशिवाय राहत नाहीं.

या समजुतीच्या मुळाशीं एक गफलत आहे. कारस्थानपटाचा प्राण रहस्यांत असतो असें गृहीत धरलें जातें, आणि तेंच मुळीं खोटें आहे. 'हें कोणीं केलें?' हा प्रश्न हेरकथेचा. कारस्थानपटाचा प्रश्न त्याहून निराळा व अधिक अवघड आहे: 'सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत कां नाहीं?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर शेवटच्या रिळांत मिळालें कीं प्रेक्षक सुखानें घरीं जाऊन झोंपतो. दुसऱ्या प्रश्नाचा रोख त्या प्रेक्षकाकडेच असतो.

'सामना' हा चित्रपट घ्या. विजय तेंडुलकरांनीं लिहिलेला आणि जब्बार पटेलांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत स्पर्धेसाठीं गेला होता. त्यांत पाठलाग नाहीं, पिस्तुलांची फैर नाहीं. साखर कारखान्याच्या जोरावर साऱ्या मुलखाचा धनी होऊन बसलेला हिंदुराव धोंडे पाटील आहे, आणि कोठून तरी भटकत आलेला एक म्हातारा, दारूच्या आहारीं गेलेला मास्तर आहे. गांवांतून नाहींशा झालेल्या मारुती कांबळे नांवाच्या माणसाचें पुढें काय झालें, एवढेंच तो मास्तर विचारूं लागतो. सूत्रें कोणाच्या हातीं आहेत हें प्रेक्षकापासून फार वेळ लपवून ठेवण्याचा आव चित्रपट आणीतच नाहीं. तरीही छाती धडधडते. कां?

आमच्या मतें याचें कारण हिंदुरावाच्या पाहुणचारांत आहे. तो मास्तराला हांकलून देत नाहीं. वाड्यांत ठेवून घेतो, खाऊं घालतो, पाजतो, आदरानें बोलतो. निळू फुल्यांनीं हा माणूस असा उभा केला आहे कीं, त्याच्या पंक्तीला बसावयास आपण नाहीं म्हणालों नसतों. मग ज्याचें मीठ खाल्लें त्यालाच जाब विचारावयाचा काय, हा पेंच मास्तरापुढें पडतो, आणि श्रीराम लागूंच्या चेहऱ्यावर तो पेंच चढत जातांना पाहणें हेंच या चित्रपटाचें थरारनाट्य. आपल्याकडे माणसाचें तोंड बंद करावयास बंदूक लागतेच असें नाहीं, उपकार पुरतात. मुलाची नोकरी, बहिणीच्या लग्नांतली मदत, उसाची वेळेवर आलेली तोड! परदेशीं पटकथाकारांना हें हत्यार फारसें सुचलेलें दिसत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, 'सामना' हा सामाजिक चित्रपट. त्याला कारस्थानपटांच्या पंक्तीला बसविणें ही ओढाताण झाली. मग कोस्टा-गाव्रासच्या 'झेड'चें (१९६९) काय करावयाचें? १९६३ सालीं सालोनिका शहरांत लाम्ब्राकिस या ग्रीक लोकप्रतिनिधीचा जो खून झाला, त्यावर तो रचलेला. त्याचा बोलविता धनी कोण याविषयीं तेथेंही फारसा संशय राहत नाहीं. सारा ताण आहे तो साक्षीदार टिकतील कीं नाहीं, आणि न्यायदंडाधिकारी कचरेल कीं नाहीं, यांत. त्याला सर्वत्र अव्वल दर्जाचा कारस्थानपट म्हणतात. तोच न्याय आपल्या चित्रपटाला लावतांना मात्र यांची जीभ अडखळते!

आतां या मंडळींच्या लाडक्या 'द पॅरॅलॅक्स व्ह्यू'कडे (१९७४) वळूं. ॲलन पाकुलाच्या या चित्रपटाची प्रकाशयोजना अप्रतिम आहे, हें आम्ही मुकाट्यानें मान्य करतों. सेनेटराचा खून होतो, साक्षीदार एकामागून एक मरतात, बातमीदार तपासास लागतो, आणि मारेकरी पुरविणारी एक कंपनी अखेर त्यालाच मारून खुनाचें बालंटही त्याच्याच माथीं मारते. पण त्या कंपनीला हवें तरी काय? तिचा लोभ कसला, तिचें वैर कोणाशीं? हें कधींच कळत नाहीं. हेतूवांचून चालणारें कारस्थान हें कारस्थान नव्हेच, ती दैवाची दुसरी आवृत्ति. प्रेक्षक उठतो तो 'वरचे लोक सर्वशक्तिमान् आहेत, आपण काय करणार' असा निःश्वास टाकून. आणि तो निःश्वास मोठा सोयीचा असतो, कारण त्यांतून कोणतेंही कर्तव्य निघत नाहीं.

याउलट 'प्रभात'चा 'अमृतमंथन' (१९३४) पाहा. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेल्या या कंपनीनें पुण्यास बिऱ्हाड हलविल्यावर काढलेला हा पहिला चित्रपट. यांतील राजगुरूचा पडदाभर मोठा झालेला डोळा सर्वांच्या लक्षांत आहे. पण चित्रपट तरला तो डोळ्यामुळें नव्हे. राजानें बळी देण्याची प्रथा बंद केली म्हणून राजगुरु त्याच्या जिवावर उठतो, आणि आपण धर्मच राखीत आहों अशी त्याची खात्री असते. हेतु असा लख्ख दिसला, म्हणूनच भय वाटतें.

'सिंहासन'मध्यें (१९७९) धागे जरा जास्तच झाले आहेत, आणि मध्यंतरीं चित्रपट फांकतो, हें कबूल. पण आपल्या कोल्हापूरच्या अरुण सरनाईकांनीं रंगविलेल्या मुख्यमंत्र्याच्या प्रत्येक चालीमागें खुर्चीचा हिशेब स्पष्ट दिसतो. आणि सारें ठाऊक असलेला पत्रकार दिगू शेवटीं वेड्यासारखा हसत सुटतो तें पाहून सोयीचा निःश्वास कांहीं सुटत नाहीं.

हा वाद केवळ रसिकतेचा असता तर त्यासाठीं इतकीं पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. पण जीं कुटुंबें रात्रीं घरच्या पडद्यावर साऱ्या जगाचीं गुप्त सूत्रें उलगडतांना पाहून रंगून जातात, त्यांतलेच सभासद दुसऱ्या दिवशीं संस्थेच्या वार्षिक सभेस जातात. अहवाल वाचून होण्यापूर्वींच 'मंजूर, मंजूर'चा गजर उठतो; मागच्या रांगेंतला कोणी हिशेब विचारावयास उभा राहिला, तर त्याच्या हातांतला ध्वनिक्षेपक बंद पडतो, आणि शेजारचा त्याचा सदरा ओढून म्हणतो, 'बस रे, कशाला उगीच!' कथानकाला लागणारें सर्व कांहीं येथें आहे: हेतु आहे, लाभार्थी आहेत, साक्षीदार तर शेंकड्यांनीं आहेत. चित्रपट काढावयास खर्च म्हणाल तर एक मांडव, दोनशें खुर्च्या आणि जेवणाची पंगत. आणि त्या पंगतीला कोण कोण थांबलें, हें दाखविण्याचें धाडस.