बोटं मोडली की हाडं झिजतात? मुलांना खरं तेच सांगूया



वर्गात कुणी कडकड बोटं मोडली की आपलं ठरलेलं वाक्य येतं, "मोडू नकोस, म्हातारपणी संधिवात होईल." घरी आजी म्हणते, "अपशकुन होतो." माझं स्पष्ट मत आहे की ही दोन्ही कारणं सांगणं आपण थांबवायला हवं.

आधी आवाज कसा येतो ते पाहू. सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं. त्यात अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा चिकट द्रव असतो. तो वंगणाचं काम करतो. या द्रवात वायू विरघळलेला असतो. बोट ओढलं की आतली जागा एकदम वाढते, दाब घटतो आणि बुडबुडा तयार होतो. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे येतात ना, काहीसं तसंच! वायू पुन्हा विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून तेच बोट लगेच परत वाजत नाही.

आवाज बुडबुडा तयार होताना येतो की फुटताना, यावर मात्र शास्त्रज्ञांचा वाद आहे. १९७१ साली 'फुटताना' असं मांडलं गेलं, तर २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआय काढून 'तयार होताना' असं दाखवलं.

आणि संधिवात? अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड उंगर पन्नासेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडत राहिले. १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं की दोन्ही हातांत संधिवात नाही! एका माणसावरून नियम ठरत नाही हे खरं, पण अनेक लोकांच्या पाहणीतही संधिवाताशी संबंध आढळलेला नाही. १९९० च्या एका पाहणीत ही सवय असणाऱ्यांच्या हाताला सूज आणि पकड कमी दिसली होती, हेही सांगायला हवं. आवाजासोबत दुखत असेल किंवा सूज असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच.

काही जण म्हणतील, "एवढ्याशा थापेनं काय बिघडतं? मूल गप्प बसतं ना!" बिघडतं. आज पाचवीतलं पोरगं मोबाईलवर खरं काय ते शोधून काढतं. मग तेच सर जेव्हा सांगतात की गुटख्याने कॅन्सर होतो, तेव्हा त्याला वाटतं, हीसुद्धा बोटांसारखीच भीती असेल! खोटी भीती घालून आपण आपल्याच खऱ्या इशाऱ्याची किंमत कमी करतो.

वर्गात आवाज नको असेल तर सरळ सांगा, "बाळा, इतरांचं लक्ष विचलित होतं." हे कारण खरं आहे आणि पुरेसंही आहे. आणि पुढच्या वेळी कुणाचं बोट वाजलं तर रागवण्याआधी एक प्रश्न विचारून बघा, "तेच बोट लगेच पुन्हा का वाजत नाही, सांग बरं?" विज्ञानाचा तास तिथूनच सुरू होईल.