सुपीक प्रांत आणि त्याचा धनी

ज्या प्रांतांत धान्य पिकतें, त्याच्या धन्याचा शब्द दरबारांत वजनदार ठरतो, हें सर्व काळीं दिसून येतें. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं असलेल्या कल्पित राज्यांच्या कथांतही असा एक सरदार बहुधा असतोच. त्याचीं कोठारें भरलेलीं, आणि गादीवर कोणीं बसावें हें ठरविण्यांत त्याचा हात. परंतु त्याच्या शेतांत राबणाऱ्यांचीं मुलें काय करितात, हें कथाकार क्वचितच सांगतो. आमच्या मतें धन्याची परीक्षा तेथेंच आहे.

पवित्र शास्त्रांतील योसेफानें सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाचीं कोठारें भरलीं व दुष्काळांत लोकांचे प्राण वांचविले, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. रविवारच्या शाळेंत आपण बहुधा येथेंच थांबतों. उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय वाचला असतां दिसतें कीं, त्याच धान्याच्या मोबदल्यांत प्रजेचा पैसा, मग गुरेंढोरें, व शेवटीं जमिनीही फारोच्या झाल्या, आणि शेतकरी त्याचे दास झाले. कोठारांनीं पोट भरलें. पण धनी अधिकच मोठा झाला.

आपल्याकडे याच्या उलट चाल कोल्हापुरास घडली. पंचगंगेच्या खोऱ्यांतील जमीन उंसाची. तेथील गूळ परळ-लालबागच्या वाण्यांकडेही मिळतो. १८९४ सालीं राज्यसूत्रें हातीं घेणाऱ्या शाहू छत्रपतींनीं व्यापारासाठीं शाहूपुरी पेठ वसविली आणि भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचें काम आरंभिलें. तें पुरें झालें त्यांच्या पश्चात्. त्यांचें वजन संस्थानाबाहेरही होतें, पण तें कोठें खर्चावें हें त्यांस कळत होतें. परळच्या चाळींत डॉ. आंबेडकरांच्या भेटीस हे छत्रपति स्वतः गेले, व १९२० सालीं निघालेल्या ‘मूकनायका’स त्यांनीं द्रव्यसाह्य केलें.

लोक धरणाची स्तुति करितात, ती योग्यच. परंतु १९१७ सालचा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आम्हांस धरणाहून मोठा वाटतो. मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड! धरणाच्या पाण्यानें जमीनवाल्याचा ऊंस वाढतो. शाळेनें मात्र त्याच्या गोठ्यांतला गुराखी पोर कमी होतो. म्हणून पहिलें काम सर्वांस रुचतें, दुसरें रुचत नाहीं. न रुचणारें काम करण्यासाठींच सत्ता असते, असें आम्ही समजतों.

अर्थात् हें सर्व एका राजाच्या मर्जीवर उभें होतें. ६ मे १९२२ रोजीं याच मुंबईंत, खेतवाडींतील पन्हाळा लॉजमध्यें, महाराज निवर्तले. आणि १९४९ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. आतां त्या खोऱ्यांत सहकारी साखर कारखाने आहेत. त्यांचे सभासद शेतकरी, त्यांचे अध्यक्ष मतांनीं निवडलेले, आणि मंत्रालयांत त्यांच्या शब्दास मान. शेतकऱ्यानें सावकाराच्या हातून सुटून स्वतःचा कारखाना उभारिला, ही सामान्य गोष्ट नव्हे. तिचा उपहास करणाऱ्या शहरी मंडळींशीं आमचें जमत नाहीं.

तथापि ऊंस तोडणारा त्या कारखान्याचा सभासद नाहीं. तो दूरच्या बीड जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेऊन येतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुलेंही बरोबर येतात, आणि गांवच्या शाळेंतील त्यांचें वर्ष मध्येंच तुटतें. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला, साखरशाळाही निघाल्या. परंतु उंसाच्या वाहनाची वाट जितक्या काळजीनें पाहिली जाते, तितक्या काळजीनें ह्या मुलांची हजेरी घेतली जाते काय? राजानें एक रुपया दंड पालकास केला. आज तो कोणास करावा, हा प्रश्न कारखान्याच्या वार्षिक सभेंत निघावा असें आम्हांस वाटतें.

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचीं मूळ गांवें सातारा, सांगली, कोल्हापूर ह्याच पट्ट्यांत आहेत. दिवाळीच्या सुटींत ते तेथें जातील, तेव्हां शिवाराच्या कडेस उंसतोड्यांच्या कोप्या नुकत्याच उभ्या राहिलेल्या असतील. पालकांनीं मुलांस घेऊन तेथवर जावें, त्या मुलांचीं नांवें कोणत्या शाळेच्या पटावर आहेत हें त्यांच्या आईबापांस विचारावें, आणि मिळालेलें उत्तर घेऊन गांवांत जे कोणी सभासद असतील त्यांच्या घरीं जावें.