घाटात गाडी दमते तेव्हा

मैत्रिणींनो, सगळं बिऱ्हाड घेऊन साताऱ्याला निघावं अन् खंबाटकीच्या चढावर डिझेल गाडीचा जोरच जावा. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की मात्र ठणठणीत! इंजिन जपायला गाडीतला संगणकच तेव्हा ताकद कमी करतो. ‘टर्बो गेला’ म्हणून कुणी मोठा खर्च सांगितला, तर लगेच मान डोलवू नका. पुष्कळदा एखादी रबरी नळी चिरलेली असते, नाहीतर टर्बोची पाती काजळीने अडकतात. कितव्या गिअरमध्ये, किती वेगाला जोर गेला ते वहीत टिपा. मेकॅनिकला दोषाचा कोड पुसण्याआधी वाचायला सांगा, मग नळ्या बघायला. अन् दुरुस्ती होईपर्यंत घाटात ओव्हरटेक नकोच, बरं का!