संशय आणि निर्णय

शब्द झिजतो तेव्हा केवळ भाषेचे नुकसान होत नाही. त्या शब्दाबरोबर विचाराची एक रीतही झिजते. 'संशय' हा असाच झिजलेला शब्द. आजच्या मराठीत संशय 'घेतला' जातो, आणि तो घेतला गेला की समोरचा मनुष्य जवळजवळ दोषीच ठरतो. न्यायशास्त्रातील अर्थ मात्र याच्या नेमका उलट आहे.

'सम्' हा उपसर्ग आणि 'शी' म्हणजे पडून राहणे हा धातू, यांपासून 'संशय' सिद्ध झाला. मन एका पक्षावर स्थिर न होता दोहोंत रेंगाळते, ती ही अवस्था. शास्त्रकारांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. संधिप्रकाशात दूर काही उभे दिसते. तो खांब की माणूस? उंची दोघांचीही तेवढीच, हातपाय स्पष्ट दिसत नाहीत. एकाच वस्तूविषयी परस्परविरुद्ध दोन कोटी मनात एकाच वेळी जाग्या असतात. त्यांतील एक पुराव्यावाचून विझवली, तर उरते ते संशयाचे नाव घेतलेले मत.

गौतमांच्या न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत संशयाचे स्थान तिसरे आणि निर्णयाचे नववे आहे. मध्ये पाच पायऱ्या येतात: जाणण्याचे प्रयोजन, उभयपक्षी मान्य असा दृष्टान्त, आधारभूत सिद्धान्त, अनुमानाचे अवयव, आणि 'तसे असते तर काय झाले असते' हे पाहणारा तर्क. वात्स्यायनांनी आपल्या भाष्यात असेही स्पष्ट केले की, अगदी अज्ञात किंवा पूर्ण निश्चित विषयात न्याय प्रवृत्त होत नाही. तो संशयित विषयातच प्रवृत्त होतो. संशय हा आरोप नव्हे, शोधाचे ते निमंत्रण आहे.

या पाच पायऱ्या गाळल्या की काय होते, हे धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ हा रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार होता. भिक्षेसाठी हिंडणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा व्हॉट्सअॅपवरून आधीच पसरल्या होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजाने दारोदार नाथांचे नाव पोहोचविले, त्याची माणसे 'अनोळखी' एवढ्याच खुणेवर मारली गेली.

लेकरांविषयीची काळजी खोटी नव्हती. पण ती 'हे मुले पळविणारे आहेत, की भिक्षेकरी?' या प्रश्नापाशी थांबली असती, तर पुढची पायरी सोपी होती. टोळीचे लोक भर दिवसा, गावोगावची माणसे जमलेल्या बाजारात उघडपणे आले असते काय? हा एवढा तर्क आणि पोलिसांची वाट पाहण्याइतका धीर, यांनी पाच संसार वाचले असते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. यंत्राला मर्यादा घालता येते. मनाला ती स्वतःच घालावी लागते.

दुःख असे की ही शिस्त खानदेशाला परकी नाही. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजींसारखा तरुण तेथे अध्ययनासाठी आला. अस्सल कागद हाती आल्याखेरीज विधान न करण्याचा आग्रह धरणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच १९२७ साली स्थापन झाले. विद्येची अशी दोन पीठे ज्या भूमीत आहेत, तेथे एका निराधार संदेशाने माणसे मरावीत, याचा अर्थ विद्या ग्रंथालयाच्या उंबरठ्याआत राहिली, चावडीपर्यंत पोहोचली नाही.

ती पोहोचविण्याचे काम घरातूनच सुरू होऊ शकते. त्यासाठी न्यायसूत्रे मुखोद्गत असण्याची गरज नाही. 'खांब की माणूस' यातील तो एकाक्षरी 'की' जपला तरी पुरे. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश पुढे धाडण्यापूर्वी, शेजाऱ्याविषयी ऐकलेले दुसऱ्या कानी घालण्यापूर्वी, घरातील वडीलधाऱ्यांनी तो 'की' उच्चारावा आणि मुलांनी तो ऐकावा. संशय मनात यावा. पण त्याने निर्णयाच्या आसनावर परस्पर बसू नये.