शिवी कोणी ठरवायची?

ग्लासगो शहरात एखाद्याला ‘हूण’ म्हटले, तर ती त्याच्या धर्मपंथाला दिलेली शिवी ठरते काय? प्रश्न ऐकून वर्गमित्र हसतील. हूण म्हणजे अट्टिलाचे लोक. त्यांचा प्रॉटेस्टंट पंथाशी संबंध काय? पण स्कॉटलंडमध्ये या शब्दावरून वर्षानुवर्षे वाद चालला आहे, आणि तो आपणही विचारात घेण्याजोगा आहे असे मला वाटते.

तेथे दोन्ही बाजूंकडे असे शब्द आहेत. कॅथलिकांना ‘फीनियन’ आणि ‘टेग’ म्हणून हिणवतात, प्रॉटेस्टंटांना ‘हूण’. यांपैकी एकाही शब्दाच्या मुळाशी धर्म नाही. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी १८५८ मध्ये स्थापन झालेल्या गुप्त संघटनेचे लोक ते फीनियन. हे नाव दंतकथांतील ‘फियाना’ योद्ध्यांवरून आले; म्हणजे ते अभिमानाचेच. ‘टेग’ हे टाइग या साध्या आयरिश व्यक्तिनामाचे रूप. आणि ‘हूण’ म्हणून तर पहिल्या महायुद्धात इंग्रज लोक जर्मनांना हिणवत होते.

म्हणून काहीजण म्हणतात, ‘हूण म्हणजे फक्त रेंजर्स क्लबचा पाठीराखा. हे फुटबॉलचे भांडण आहे, धर्माचे नव्हे.’ हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. स्वतःला अभिमानाने फीनियन म्हणवणारेही आहेत. परंतु क्लबांचा इतिहास पाहा. सेल्टिक क्लब १८८७ मध्ये निघाला तो ग्लासगोतील गरीब आयरिश कॅथलिकांसाठी निधी जमवण्याच्या हेतूने. उलट, रेंजर्समध्ये कॅथलिक खेळाडू न घेण्याची अलिखित प्रथा कित्येक दशके होती. १९८९ मध्ये मो जॉन्स्टनला घेतले तेव्हा केवढी खळबळ उडाली! जेथे मैदानाची विभागणीच इतका काळ पंथावरून झाली, तेथे ‘मी क्लबला बोललो, पंथाला नाही’ हे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तर १९९८ च्या करारापूर्वीच्या तीस वर्षांत सुमारे ३५०० माणसे प्राणास मुकली. तेथे भिंतीवर रंगवलेला ‘टेग’ हा शब्द व्यक्तिनाम म्हणून कोण वाचील?

मूळ अर्थाचा हा बचाव मला चांगलाच परिचयाचा आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या वडिलांना गावातील काही मोठी माणसे अजूनही नावाने हाक मारीत नाहीत, जातीने मारतात. कोणी हटकले तर उत्तर तयार असते, ‘त्यात वाईट काय? जात तीच आहे ना?’ शब्द खोटा नसतो हे खरेच. पण त्या हाकेत माणसाला त्याची जागा दाखवून दिलेली असते, आणि ती वडिलांना बरोबर कळते.

मग शिवी ऐकणाऱ्यानेच ठरवायची काय? तेही पुरेसे नाही. नाहीतर मित्रामित्रांतील प्रत्येक थट्टा गुन्हा होईल. शब्दांची यादी करून बंदी घालणेही व्यर्थ. एक शब्द बंद केला तर दुसरा तयार होतो. स्कॉटलंडने २०१२ मध्ये फुटबॉलपुरता एक कायदा केला होता. तो २०१८ मध्ये रद्द करावा लागला. मला तेथील २००३ च्या कायद्यातील तत्त्व अधिक पटते, आणि २०२१ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले आहे. मुळात काही गुन्हा घडलेला असला, की त्यामागे धर्मसमूहाविषयीचा द्वेष दिसतो का, हे तेथे पाहतात. समोरचा माणूस त्या पंथाचा नसला आणि बोलणाऱ्याने तसे नुसते गृहीत धरले असले, तरीही पुरे. म्हणजे शब्दाच्या कुळापेक्षा त्याचा रोख महत्त्वाचा.

या कसोटीवर माझे मत असे : मैदानावर आपसांत चाललेल्या चिडवाचिडवीत ‘हूण’ ही धर्माची शिवी असेलच असे नाही. पण तोच शब्द अनोळखी माणसावर, त्याच्या शाळेवरून किंवा आडनावावरून त्याचा पंथ ताडून फेकला, की ती शिवीच. ‘फीनियन’ आणि ‘टेग’ यांनाही हाच न्याय.

आपल्या वसतिगृहात आणि कॅन्टीनमध्येही असे शब्द थोडे नाहीत. ‘गंमत केली’ असे म्हणणाऱ्याने एवढेच स्वतःला विचारावे : हा शब्द मी त्या मित्राच्या वडिलांसमोर उच्चारीन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर शब्दाचा अर्थ त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे.

(द्वितीय वर्ष, कला)