साक्षीदार डांबरी रस्त्यापर्यंत येणार कसा?

गेल्या पावसाळ्यात आपल्या भागातल्या एका पाड्यावरच्या आजोबांना वनहक्काच्या सुनावणीला बोलावणे आले. दावा शेजाऱ्याचा, आजोबा साक्षीला. एकसाली पट्ट्याची पावती वाळवीने कधीच खाल्ली. कोणत्या माळावर कोणाच्या बापाने पहिला नांगर घातला, बांध कुठे होता, हे सांगणारे पाड्यात ते एकटेच उरलेत.

पोरांनी पहाटे चादर बांबूला बांधून डोली केली. दोन ओहोळ ओलांडून आजोबांना डांबरी रस्त्यावर आणले. पहिली जीप गच्च भरलेली, टपावर म्हाताऱ्याला बसवणार कोण? दुसरी आली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. कचेरीत पोचले तर साहेब निघून गेलेले. कागदावर शेरा पडला होता : साक्षीदार गैरहजर.

गैरहजर माणूस होता की एसटी?

2022 सालच्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली. 65 ते 75 वाल्यांना अर्धे तिकीट. चांगलेच झाले, आमची तक्रार नाही. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते, आणि गाडी पाड्यावर येत नाही. जीपवाला आधारकार्ड बघून भाडे सोडत नाही. जी म्हातारी श्रावणबाळचे पैसे काढायला बाजारच्या गावी जाते, तिचे त्यातलेच पैसे जाण्यायेण्यात जातात. वर सोबत आलेल्या पोराचा दिवस बुडतो तो वेगळाच.

रस्ता मागायला गेलो की उत्तर ठरलेले : मधे जंगलखात्याची जमीन आहे. साथींनो, हे उत्तर ऐकून परत फिरू नका. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 3(2) वाचा. रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी 75 च्या वर झाडे तुटत नसतील, आणि ग्रामसभेने शिफारस केली असेल, तर ती जमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांनाही हेच कलम लागू आहे. म्हणजे पहिला कागद ग्रामसभेचाच लागतो. आपल्यातल्या किती गावांनी तो ठराव केला? फार थोड्या. हा दोष सरकारच्या माथी मारता येणार नाही.

रस्ता होईल तेव्हा होईल. म्हातारी माणसे तोवर थांबणार नाहीत, आणि त्यांच्याबरोबर आपला पुरावा जातो. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब चालतात असे स्पष्ट लिहिले आहे. हा जबाब तालुक्याला जाऊनच द्यावा असे कुठे म्हटले आहे? वनहक्क समितीने जागेवर यायचे, साक्षीदाराचे ऐकायचे, हे तिचेच काम आहे. ओट्यावर बसून लिहा. वाचून दाखवा, अंगठा घ्या, समितीची सही घ्या. सामूहिक दाव्यात तर गुरे कुठे चरायची, देवाची जागा कोणती, शिव कुठल्या झऱ्यावरून जाते, हे तरुण पोरांना काय ठाऊक? आणि प्रांताकडच्या समितीला लेखी मागणी करा, की चालता न येणाऱ्यांची सुनावणी पाड्यावर घ्या. बाजू मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय कोणाच्याही विरोधात निकाल देता येत नाही, हे कायद्यातच आहे.

एक गोष्ट आपल्या घरातलीही. आपल्या बैठका तालुक्याला होतात, मोर्चे त्याहून लांब. बोलायला उभी राहतात ती धडधाकट माणसे. ज्यांनी फॉरेस्टवाल्यांचा पहिला मार खाल्ला ती घरी खाटेवर, आणि त्यांचे नाव घेऊन भाषण करणारे आपण. संघटनेची पुढची बैठक त्याच आजोबांच्या पाड्यावर ठेवली आहे. रस्ता नाही, जीप नाही, शेवटचा टप्पा पायीच आहे. कार्यकर्त्यांनी वही, शाईचा पॅड आणि दाव्याच्या फाईलची नक्कल घेऊन यावे.