आहुप्याला ४०० सीसी कशाला?

घोडेगावहून डिंभे धरणाच्या कडेकडेने आहुप्याकडे जाणारा रस्ता अरुंद, वळणावळणांचा. पावसाळ्यात धुकं, खड्डे, मधेच उभी गुरं. इथे ४०० सीसी पळवणार कुठे? इथली माणसं जेमतेम १०० सीसीच्या स्प्लेंडरवर रोज ये-जा करतात. मोठी गाडी आणि फाडलेला सायलेन्सर ही गरज नाही, मिरवणूक आहे. पैसे टायर, ब्रेक आणि आयएसआय हेल्मेटवर घाला. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घ्या. कायदाही तेच सांगतो. आणि रीलसाठी डोंगराच्या कापलेल्या कडेखाली थांबू नका. याच भागात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. ज्याला तुम्ही ‘व्ह्यू’ म्हणता, त्याच्या पायथ्याशी माणसं राहतात.